माणसे पारखणारा राजा

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून ‘महाराज’ असा नुसता उल्लेख झाला, तरी कोणते महाराज हे कोणी विचारीत नाही. श्रीमंत तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या दातृत्वाच्या गोष्टी आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. मला मात्र त्यांच्या चरित्रात दानाहूनही एक गुण मोठा वाटतो. तो म्हणजे योग्य माणूस हेरून त्याच्या हाती काम सोपविण्याची हातोटी. संस्था वाढू लागली की चालकाची खरी परीक्षा इथेच होते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात १८६३ साली जन्मलेला गोपाळराव १८७५ च्या मे महिन्यात जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मल्हारराव नुकतेच पदच्युत झाले होते आणि कारभाराची घडी पार विस्कटली होती. दिवाण सर टी. माधवराव यांनी ती सावरली. इलियटसाहेबांनी मुलाला शिकविले. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती आली. राज्य एकाच्या लहरीने बुडते आणि अनेकांच्या शिस्तीने तरते, हा धडा त्यांना अधिकार मिळण्यापूर्वीच डोळ्यांसमोर गिरवायला मिळाला, असे मी समजतो.

पुढे त्यांनी जमविलेली माणसे पाहा. प्रोफेसर गज्जरांच्या हातून १८९० साली कलाभवन उभे राहिले. १८९३ मध्ये अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत आले. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले रमेशचंद्र दत्त यांना १९०४ साली महसुलाचे काम सोपविले गेले. माणूस कोणत्या प्रांताचा, ह्यापेक्षा तो कोणत्या कामाचा, इकडे महाराजांची नजर असे.

कामाची रीतही सावध होती. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली प्रथम अमरेली तालुक्यात करून पाहिला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना आणले. पुढच्याच वर्षी बोर्डन यांनी ग्रंथपालांचा वर्ग काढला. १९१३ मध्ये ते मायदेशी परतले. पण मागे शिकून तयार झालेली इथली माणसे होती, म्हणून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जातच राहिल्या. तज्ज्ञ बाहेरून आणावा, पण तो जाईल त्या दिवशी काम अडू नये, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

परंतु ह्याच चरित्रात एक काळे पान आहे, आणि ते उलटून पुढे जाणे बरे नव्हे. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कचेरीत कागद त्यांच्याकडे दुरूनच फेकले जात. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांच्या विश्रामगृहातून त्यांना हुसकून लावण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. अंत्यजांच्या शाळांसाठी हिंदू शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागल्याचा अनुभव महाराजांना पूर्वीच आला होता. राजाची पारख अचूक ठरली; पण हुकूम कारकुनाच्या मेजापर्यंत पोचला, मनापर्यंत पोचला नाही.

त्या कचेऱ्यांतून बसणारी माणसे कोण होती? त्यांत आपल्याच वाडवडिलांच्या पिढीची माणसे होती. म्हणूनच महाराजांच्या थोरवीचा अभिमान बाळगताना हे पानही आपल्या मुलांना वाचून दाखविले पाहिजे, असे मला वाटते. वरचा एक माणूस कितीही थोर असला, तरी संस्थेची उंची तिच्या शेवटच्या मेजावर बसलेल्या माणसाच्या वागणुकीनेच मोजली जाते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तरी १९०८ ची बँक राहिली, ग्रंथालय राहिले, १९४९ मध्ये त्यांच्याच नावाचे विद्यापीठ उभे राहिले. गादी गेली तरी जे उरले, ते माणसे घडवून उभे केलेले काम होते. आणि जे साधले नाही, ते पुरे करण्याची जबाबदारी महाराजांनी आपल्यावर टाकली आहे.