हैदराबादचे रहीमसाहेब : भारतीय फुटबॉलच्या सुवर्णयुगाचे शिल्पकार

भारतीय फुटबॉल संघाने आशियाई क्रीडा स्पर्धेत आजवर दोनदा सुवर्णपदक जिंकले. १९५१ साली नवी दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात. ऑलिम्पिकमध्ये या संघाने उपांत्य फेरी गाठली ती एकदाच, १९५६ साली मेलबर्नला. या तिन्ही वेळी संघाच्या प्रशिक्षकपदी एकच व्यक्ती होती. पेशाने शाळामास्तर असलेल्या या हैदराबादी गृहस्थांचे नाव होते सय्यद अब्दुल रहीम. खेळाडूंचे ते रहीमसाहेब. आज क्रिकेटमय झालेल्या देशाला एकेकाळी आशियाच्या फुटबॉलमध्ये दरारा होता, हे सांगूनही खरे वाटू नये. तो दरारा ज्यांनी निर्माण केला, त्यांची ही कहाणी.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. कला शाखेची पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. हैदराबादमधील निरनिराळ्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. वर्गातली शिस्त आणि मैदानावरची शिस्त यांत त्यांनी कधी फरक केला नाही. खेळाडू घडवायचा तो कोवळ्या वयातच, हा त्यांचा शिक्षकी अनुभव होता.

१९४०च्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी शहराच्या फुटबॉलचा कायापालट करायला घेतला. लांबवर चेंडू भिरकावून त्यामागे धावण्याची तेव्हाची रीत त्यांना पसंत नव्हती. चेंडू जमिनीलगत ठेवून आखूड पासांनी चाल रचण्यावर त्यांचा भर होता. ही सवय अंगवळणी पडावी म्हणून त्यांनी ड्रिबलिंगला मज्जाव असलेल्या स्पर्धा भरवल्या. खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच खेळायचे, अशाही स्पर्धा घेतल्या. त्या काळी या प्रयोगांना कुणी विक्षिप्तपणा म्हटले असेल. पण त्यांतूनच हैदराबादच्या गल्लीबोळांतून दोन्ही पायांनी सहज खेळणारी पिढी उभी राहिली.

१९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाचा पराक्रम मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला. मुंबईच्या प्रतिष्ठेच्या रोव्हर्स चषकावर पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. कोलकात्याच्या बड्या क्लबांची मक्तेदारी मानल्या जाणाऱ्या खेळात दख्खनच्या एका पोलिस संघाने असा दबदबा निर्माण करणे, ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती.

राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आल्यावर रहीम यांना पहिले यश लवकरच लाभले. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारताने इराणला १-० असे नमवले. साहू मेवालाल यांचा गोल निर्णायक ठरला. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्या थंडीत आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. या मानहानीनंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीम यांनी हा पराभव धडा म्हणून स्वीकारला. युरोपातील संघांच्या व्यूहरचनेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि खेळाडूंचा दमसास व वेग वाढवण्यावर लक्ष दिले.

या मेहनतीचे फळ मेलबर्नला मिळाले. १९५६च्या ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले नेव्हिल डिसूझा यांनी या सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. तेथे युगोस्लाव्हियाविरुद्ध नेव्हिल यांनीच आघाडी मिळवून दिली होती. मात्र अखेर भारताला १-४ अशी हार पत्करावी लागली. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळवला. पदक हुकले तरी चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या संघाची ही झेप थक्क करणारी होती.

१९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताच्या वाट्याला खडतर गट आला. हंगेरीने भारताला २-१ असे निसटते हरवले, तर पी. के. बॅनर्जी यांच्या संघाने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. पेरूकडूनही हार झाल्याने आव्हान आटोपले. पण बलाढ्य संघांशी बरोबरीच्या नात्याने खेळता येते, हा विश्वास या स्पर्धेने दिला.

तोच विश्वास घेऊन रहीम १९६२ साली जकार्ताला गेले. फुप्फुसाच्या कर्करोगाने तोवर त्यांच्या शरीरात घर केले होते. सुरुवातही निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढे थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण भरवशाचे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर जखम होऊन टाके घालावे लागले. जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. जर्नेलसिंग यांना बचावात उतरवणे धोक्याचे होते आणि संघाबाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. रहीम यांनी त्यांना थेट आघाडीला खेळवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ अशा विजयात एक गोल जर्नेलसिंग यांचाच होता.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारल्यावर भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या अधिकृतपणावर आक्षेप घेतला होता. त्यामुळे जकार्तात भारतविरोधी संताप उसळला होता. भारतीय वकिलातीवर जमावाने हल्लाही केला होता. सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत भारतीय संघ मैदानात उतरला. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठून आले होते. तरीही पूर्वार्धातच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल करून भारताला २-० अशी आघाडी मिळवून दिली. कोरियाला शेवटी एकच गोल करता आला. चुनी गोस्वामी यांच्या या विजयी चमूत तुलसीदास बलराम, अरुण घोष, युसूफ खान यांच्यासह मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको आणि कॅल्टेक्सचे ओ. चंद्रशेखर हेही होते.

या विजयानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांनी बांधलेल्या संघाची पुण्याई काही काळ टिकली. १९६४च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, १९७०च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर मात्र उतरण सुरू झाली. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही आणि जकार्तानंतर आशियाई सुवर्णही आलेले नाही. जपान आणि कोरिया विश्वचषकाचे नेमाने मानकरी झाले. त्यांना नमवणारा देश मागे राहिला.

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तोवर रहीम यांना जाऊन जवळपास दोन तपे होत आली होती. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम रोम ऑलिम्पिकच्या संघात होते. त्यांचेही २०२१ साली निधन झाले. २०२४ साली अजय देवगण यांच्या ‘मैदान’ या चित्रपटामुळे नव्या पिढीला रहीम हे नाव कळले, हे समाधानाचेच. मात्र रहीम यांनी संघ उभारण्याआधी शहरातील मुलांना चेंडू दोन्ही पायांनी खेळवायला शिकवले होते. त्यांच्या सुवर्णपदकांची आठवण काढणाऱ्या भारतीय फुटबॉलने या पायाभरणीकडे लक्ष दिले, तरच त्या शाळामास्तराचे ऋण काही अंशी फिटेल.