विश्लेषण : तेझुकांच्या बुडालेल्या स्टुडिओतून विज्ञानकथांचे अ‍ॅनिमेशन कसे उभे राहिले?

‘निओ टोकियो’ (१९८७), ‘मेमरीज’ (१९९५) आणि ‘द अ‍ॅनिमॅट्रिक्स’ (२००३). स्वतंत्र कथा एकत्र गुंफणारे हे तीन गाजलेले अ‍ॅनिमेटेड विज्ञान-कथासंग्रह. तिन्हींचे धागे मागे नेले, की ओसामू तेझुका या जपानी चित्रकथाकाराच्या दिवाळखोरीत निघालेल्या स्टुडिओपर्यंत पोहोचता येते.

तेझुका कोण होते?

३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे त्यांचा जन्म झाला. घरात वडिलांचा छोटा प्रोजेक्टर होता. त्यावर डिस्नेचे लघुपट पाहत ते वाढले. कीटकांचे वेड इतके, की स्वतःच्या नावाच्या लेखनात त्यांनी ‘किडा’ या अर्थाचे अक्षर जोडले. १९४५ मध्ये कारखान्यात राबणाऱ्या या किशोराने ओसाकावरील बॉम्बवर्षाव अनुभवला. पुढे ते वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले, पण पेशा निवडला तो चित्रकथांचा.

‘अ‍ॅटम’मध्ये वेगळे काय होते?

१९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘तेत्सुवान अ‍ॅटम’चा, म्हणजेच ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’चा नायक यंत्रमानव आहे. अपघातात मुलगा गमावलेले डॉ. तेन्मा त्याच्यासारखाच यंत्रमानव घडवतात. तो वाढत नाही हे कळल्यावर त्याला सर्कसला विकून टाकतात. माणसाने घडवलेल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मुलांच्या गोष्टीत आला. जपानी विज्ञानकथेने तो पुढे सोडला नाही.

स्वस्त अ‍ॅनिमेशनचे गणित काय?

तेझुकांनी १९६१ मध्ये ‘मुशी प्रॉडक्शन’ उभारले. १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅटम’ दर आठवड्याला अर्धा तास टीव्हीवर दिसू लागला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरले, की हीच गरज ४८० चित्रांवर येते. त्यातही संवादात फक्त ओठ हलवायचे, उडण्याची जुनी चित्रे पुन्हा वापरायची. अशा युक्त्यांवर १९६६ च्या अखेरीपर्यंत १९३ भाग झाले.

मात्र मालिका विकताना तेझुकांनी खर्चापेक्षाही कमी दर लावला. तूट भरून निघायची ती चित्रकथांच्या मानधनातून आणि परवान्यांच्या उत्पन्नातून. कमी पैशांत जास्त काम, हा पायंडा या क्षेत्रात तेव्हाच पडला, असा आक्षेप आजही घेतला जातो. तेझुकांच्या निधनानंतर हायाओ मियाझाकी यांनीही त्यांच्या अ‍ॅनिमेशनवर कठोर टीका केली. १९७३ मध्ये मुशी दिवाळखोरीत निघाले.

कथासंग्रहांशी संबंध कसा?

मालिकेच्या धबडग्यातही मुशीने प्रयोग थांबवले नव्हते. १९६६ चा ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ हा मुसोर्ग्स्कीच्या संगीतावरील दहा लघुकथांचा चित्रपट. त्यात आधुनिक समाजाची खिल्ली होती. डिस्नेच्या ‘फँटेशिया’चा प्रभाव त्यात उघड दिसतो.

मुशीतून बाहेर पडलेल्यांनी १९७२ मध्ये ‘मॅडहाउस’ हा स्टुडिओ काढला. ‘अ‍ॅटम’चे भाग दिग्दर्शित केलेले रिंतारो आणि मुशीतच उमेदवारी केलेले योशिआकी कावाजिरी त्यांच्यातलेच. ‘निओ टोकियो’तील तीनपैकी दोन कथा या दोघांच्या, तिसरी, थांबायला तयार नसलेल्या यंत्रांची, कात्सुहिरो ओतोमो यांची. ओतोमोंच्या ‘मेमरीज’चा एक भाग मॅडहाउसने केला. ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’मधील ‘प्रोग्राम’ कावाजिरींचा. मालिकेचे वेळापत्रक आणि साचा यांतून सुटून दहा-वीस मिनिटांत स्वतःची शैली पणाला लावण्याची मोकळीक या कलावंतांना कथासंग्रहाने दिली.

शेवटची वर्षे

कर्जाच्या धक्क्यानंतरही तेझुका थांबले नाहीत. ‘जंपिंग’ (१९८४) या लघुपटाला झाग्रेब महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये त्यांच्या १९४९ च्या ‘मेट्रोपोलिस’ या चित्रकथेवर चित्रपट आला. पटकथा ओतोमोंची, दिग्दर्शन रिंतारोंचे आणि निर्मिती मॅडहाउसची होती.