विश्लेषण : व्यक्तिचित्रांचा कंटाळा असलेला अँग्र व्यक्तिचित्रांसाठीच का ओळखला जातो?

फ्रेंच भाषेत कुणाच्या छंदाला ‘अँग्रचे व्हायोलिन’ म्हणतात. झां ओग्यूस्त दॉमिनिक अँग्र हा एकोणिसाव्या शतकातला नामवंत चित्रकार. व्हायोलिन तो खरेच चांगले वाजवायचा, तरुणपणी तुलूझच्या वाद्यवृंदातही होता. चित्रकलेत मात्र त्याचे गणित उलटेच झाले. जे काम त्याने पोटापाण्याचे मानले, तेच आज त्याचे सर्वोत्तम काम समजले जाते.

व्यक्तिचित्र दुय्यम का?

फ्रेंच कला अकादमीने चित्रविषयांची उतरंडच लावून ठेवली होती. सर्वांत वर इतिहास, पुराणकथा आणि बायबलमधले प्रसंग. व्यक्तिचित्र त्याखाली. समोर बसलेल्या माणसाची नक्कल करायला हात पुरेसा, प्रसंग उभा करायला मात्र बुद्धी लागते, असा त्यामागचा तर्क. अँग्रचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

१७८० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबां गावी त्याचा जन्म झाला. वडील शिल्पकाम आणि सजावटीची कामे करत. १७९७ मध्ये तो पॅरिसला दाविदच्या चित्रशाळेत दाखल झाला आणि १८०१ मध्ये त्याने ‘प्री द रोम’ हे मानाचे पारितोषिक मिळवले. पण सरकारी तिजोरीत खडखडाट! रोमला जायला १८०६ उजाडले.

रोममध्ये काय घडले?

१८१५ मध्ये नेपोलियनची सत्ता संपली आणि रोममधले फ्रेंच अधिकारी परतले. तेच अँग्रचे ग्राहक होते. दोन वर्षांपूर्वीच त्याचे लग्न झाले होते. मादलेन शापेल हिला न पाहताच, पत्रांतून त्याने मागणी घातली होती. आता घर चालवायचे कसे? रोमला येणाऱ्या पर्यटकांची, त्यातही इंग्रजांची, पेन्सिलचित्रे तो काढू लागला. टोकदार पेन्सिल, गुळगुळीत कागद. चेहऱ्यावर बारीक छटा आणि कपडे मात्र मोजक्या, धावत्या रेषांत. ‘छोटी चित्रे काढणारा’ इथेच राहतो का, असे विचारत आलेल्या पाहुण्याला, इथे एक चित्रकार राहतो, असे सुनावून त्याने परत पाठवल्याचा किस्सा सांगितला जातो. राग खरा असेल, पण ती रेखाचित्रे आज संग्रहालये जिवापाड जपतात.

बेर्तांचे चित्र इतके गाजले का?

१८३२ मध्ये वृत्तपत्राचे मालक लुई-फ्रांस्वा बेर्तां चित्रासाठी बसले. काही केल्या बैठक जमेना, अँग्र रडकुंडीला आला. एकदा गप्पांच्या भरात बेर्तां गुडघ्यांवर हात रोवून, पुढे झुकून बसलेले दिसले आणि त्याला चित्र सापडले. पंजासारखी बोटे, विस्कटलेले पांढरे केस, ताणलेले जाकीट. खुर्चीच्या हातावर खिडकीचे प्रतिबिंबही आहे. वडिलांचा लठ्ठ शेतकरी करून टाकला, अशी बेर्तांच्या मुलीची तक्रार होती. पण सत्ता हाती आलेला नवा मध्यमवर्ग पाहायचा असेल, तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या या चित्रापुढे उभे राहावे.

दोनच वर्षांनी संत सिंफोरियनच्या हौतात्म्याचे भव्य चित्र त्याने प्रदर्शनात मांडले. त्यावर टीका झाली आणि चिडलेल्या अँग्रने सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवली. ज्या प्रकारच्या चित्रांवर त्याने जीव लावला, त्यानेच त्याला दगा दिला.

एका चित्राला बारा वर्षे?

होय. १८४४ मध्ये मादाम म्वातेसिए यांच्या चित्राची विचारणा झाली. त्याने आधी नकार दिला, पण त्यांना पाहताच तो तयार झाला. सोबत त्यांची छोटी मुलगीही होती, पुढे तिला त्याने चित्रातून काढून टाकले. १८४९ मध्ये मादलेन गेली आणि त्याचे कामच थांबले. १८५१ मध्ये त्याने त्यांचे काळ्या पोशाखातले दुसरे, उभे चित्र पूर्ण केले. बसलेले चित्र संपले १८५६ मध्ये, तेव्हा अँग्र ७६ वर्षांचा होता.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या चित्रात फुलाफुलांच्या रेशमाची चुणी न् चुणी खरी वाटते. मात्र मागच्या आरशात दिसणारा चेहरा त्या जागेवरून तसा दिसणे शक्य नाही! गालाला टेकलेली बोटे हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन नगरातल्या भित्तिचित्रावरून घेतली आहेत. अँग्रचा वास्तववाद असा होता. कापड जसेच्या तसे, शरीर मात्र रेषेच्या सोयीने वळवलेले. १८१९ मध्ये त्याच्या ‘ग्रांद ओदालिस्क’मधल्या स्त्रीच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत, असे टीकाकारांनी म्हटले होते ते उगाच नव्हे.

पुढे काय झाले?

१४ जानेवारी १८६७ रोजी, ८६व्या वर्षी अँग्रचा मृत्यू झाला. त्याने मोंतोबांला ठेवलेल्या रेखाचित्रांची संख्या चार हजारांहून अधिक आहे. अकादमीच्या चौकटीबाहेर पडलेला एदगार देगा तर त्याचा भक्तच. अँग्रने फ्लोरेन्समध्ये रंगवलेली लब्लां पती-पत्नीची व्यक्तिचित्रे त्याने १८९६ मध्ये विकत घेतली. देगाच्या निधनानंतर १९१८ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतली.