जामिनावर सुटलेली प्रतिभा

२८ एप्रिल १९३८ रोजी मॉस्कोत लेव्ह लान्दाऊ या तीस वर्षांच्या पदार्थवैज्ञानिकाला स्टॅलिनच्या गुप्त पोलिसांनी अटक केली. स्टॅलिनविरोधी पत्रकाच्या तयारीत त्याचा हात होता, असे तपासाच्या कागदपत्रांत नमूद आहे. त्याआधी दोनच महिने ताऱ्यांच्या गाभ्याविषयीचा त्याचा निबंध ब्रिटनमधील ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

बाकू येथे १९०८ साली जन्मलेला लान्दाऊ चौदाव्या वर्षीच विद्यापीठात दाखल झाला. लेनिनग्राडला शिक्षण आटोपून तो परदेशी गेला आणि कोपनहेगनला नील्स बोरच्या सहवासात त्याच्या बुद्धीला धार आली. परतल्यावर खारकोव्ह येथे त्याने सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे केंद्र उभारले. १९३७ साली दमनसत्र तेथे पोहोचले, तेव्हा तो मॉस्कोत प्योत्र कापित्साच्या संस्थेत आला. त्याचा खारकोव्हचा सहकारी शुब्निकोव्ह आणि लेनिनग्राडचा मित्र ब्रॉनस्टाइन यांना मात्र गोळ्या घालण्यात आल्या.

त्या निबंधातील कल्पना अशी होती, की ताऱ्याच्या पोटात न्यूट्रॉनचा अतिघन गाभा असावा आणि त्यावर कोसळणाऱ्या द्रव्यातून ताऱ्याला ऊर्जा मिळत असावी. सूर्याच्या बाबतीत ही कल्पना चुकीची ठरली. हायड्रोजनच्या अणुगर्भांच्या संमीलनातून सूर्याला ऊर्जा मिळते, हे १९३९ साली हान्स बेटेने दाखवले. परंतु लान्दाऊचा निबंध तपासता तपासताच ओपेनहायमर या प्रश्नाकडे वळला आणि न्यूट्रॉनचा गोळा किती वस्तुमानापर्यंत तग धरील, याचे गणित त्याने व व्होल्कॉफने त्याच वर्षी मांडले.

स्फोट होऊन असा तारा जन्मतो, हे बाडे आणि झ्विकी यांनी १९३४ सालीच सुचवले होते. सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा लोखंडी गाभा स्वतःच्याच भाराखाली कोसळतो. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन दडपले जाऊन न्यूट्रॉन बनतात आणि बाहेरचे थर उधळले जातात. मागे उरतो तो सूर्याहून जड, पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा गोळा. त्यातील खडीसाखरेच्या खड्याएवढ्या द्रव्याचे वजन कित्येक कोटी टन भरेल.

लान्दाऊच्या अटकेच्याच दिवशी कापित्साने स्टॅलिनला पत्र लिहिले. वर्ष सरले, कैद्याची प्रकृती ढासळली. एप्रिल १९३९ मध्ये कापित्साने मोलोतोव्हला लिहिले, की द्रवरूप हेलियमच्या विलक्षण वर्तनाचा उलगडा लान्दाऊवाचून कोणी करू शकणार नाही. अखेर कापित्साच्या लेखी हमीवर त्याची सुटका झाली. १९४१ साली त्याने तो उलगडा केला व त्यासाठी १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या मोटार अपघाताने त्याचे संशोधन कायमचे थांबले. १ एप्रिल १९६८ रोजी तो निवर्तला. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी केंब्रिजच्या संशोधकांनी आकाशातून येणाऱ्या नियमित स्पंदनांची वार्ता जाहीर केली होती. ती फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांची आहेत, हे स्पष्ट होण्याआधीच लान्दाऊ गेला.

कापित्साचे धैर्य वादातीत आहे. तथापि सत्तेला पटेल असा युक्तिवाद त्याच्यापाशी एकच होता, तो म्हणजे हा माणूस उपयोगी आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला उपयुक्तता हा शब्द परका नाही. पण ज्ञानाच्या उपयुक्ततेचा हिशेब आगाऊ मांडता येत नाही, हेही त्याने मान्य केले पाहिजे. लान्दाऊच्या चुकलेल्या निबंधातूनही पुढच्यांना वाट सापडली. शुब्निकोव्ह आणि ब्रॉनस्टाइन जगते तर काय देऊन जाते, हे कोणत्याच जमाखर्चात दिसणार नाही. विचार करणाऱ्याला जगण्यासाठी जामीनदार शोधावा लागतो, त्या देशात ज्यांना जामीनदार मिळत नाही त्यांची किंमत अखेर साऱ्या समाजालाच मोजावी लागते.