मुळीचे खाते उघडणारे डॉक्टर

पायांवर सूज, जिना चढताना धाप, रात्र उशांना टेकून बसून काढलेली. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात जुनी माणसे म्हणायची, हृदय थकले. ते फारसे चूक नव्हते. वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलता ढकलता ते खरोखरच थकते. १९४०च्या सुमारास थकलेल्या हृदयासाठी डॉक्टरांकडे डिजिटॅलिस होते, सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शने होती. मूळ रक्तदाबावर मात्र मीठ सोडा, विश्रांती घ्या, यापलीकडे फारसे काही नव्हते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचे काम इथले. १९११ साली मुंबईच्या पारशी घरात जन्म, वैद्यकीचे शिक्षण लंडनला, मग परत येऊन केईएम रुग्णालयात काम. सर्पगंधा त्यांनी शोधली नाही, हे आधीच सांगायला हवे. ती मुळी सर्पदंशावर, निद्रानाशावर, वेडावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. तिने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलेही होते. बाहेर कोणी फारसे लक्ष दिले नाही.

वकिलांनी जे केले, ते आम्हा बँकवाल्यांना चटकन कळेल. त्यांनी मुळीचे खाते उघडले! पन्नास रोगी घेतले. औषधाआधी रक्तदाब मोजला, चार आठवडे गोळ्या देऊन मोजला आणि गोळ्या बंद केल्यावरही मोजत राहिले. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. जमा दाखवणारे पुष्कळ भेटतात, व्यवहार मिटल्यावर शिल्लक तपासणारे थोडे. बहुतेकांचा दाब उतरला होता. १९४९ मध्ये हे आकडे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आले आणि बोस्टनचे डॉक्टरही या मुळीचे प्रयोग करू लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळे निघाले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

खात्याला नावेची बाजूही होती. नाक चोंदे, आणि मात्रा वाढली की काहींचे मन पार खचून जाई. झाडपाल्याची म्हणून आपल्या मनाने उगाळून घ्यावी, अशी ही मुळी नव्हे.

वकील १९७४ साली गेले. तोवर रेसर्पिनची जागा दुसऱ्या गोळ्या घेऊ लागल्या होत्या.