बिंबाणूंची ओळख पटवणारे बिझोझेरो

डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यांची चर्चा सुरू होते. प्लेटलेट म्हणजेच बिंबाणू. रक्तातील एक स्वतंत्र घटक म्हणून त्यांना मान्यता मिळवून दिली ती इटलीचे विकृतिशास्त्रज्ञ ज्युलिओ बिझोझेरो यांनी.

२० मार्च १८४६ रोजी वारेझे येथे जन्मलेल्या बिझोझेरो यांनी वयाच्या अवघ्या २०व्या वर्षी पाविया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी संपादन केली. रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे त्यांनी १८६८मध्ये दाखवून दिले. जर्मनीचे अर्न्स्ट नॉयमन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा निष्कर्ष काढला होता. पुढे १९०६च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कामिल्लो गोल्जी हे वयाने मोठे असूनही बिझोझेरो यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाचे काम शिकले.

रक्तातील हे बारीक कण त्याआधीही काही संशोधकांनी पाहिले होते. मात्र ते पांढऱ्या पेशींचे तुकडे असावेत, असा अनेकांचा समज होता. तुरीन येथे प्राध्यापक असताना बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या आतड्यांलगतच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्यांचे निरीक्षण केले. वाहत्या रक्तातच त्यांना हे कण दिसले. रक्तवाहिनीला इजा होताच ते तेथे चिकटून थर धरतात आणि रक्तस्राव रोखतात, हे त्यांनी १८८२मध्ये सप्रमाण मांडले.

जखमेनंतर ऊती पुन्हा कशा वाढतात, हाही त्यांच्या चिंतनाचा विषय होता. त्वचेसारख्या सतत नव्या होणाऱ्या, यकृतासारख्या गरजेपुरत्या वाढणाऱ्या आणि चेतापेशींसारख्या कायम राहणाऱ्या, अशी ऊतींची विभागणी त्यांनी १८९४मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडली. नियतीचा खेळ असा की, उत्तरायुष्यात नेत्रविकाराने त्यांच्या हातून सूक्ष्मदर्शक सुटला. खचून न जाता त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या कार्याला वाहून घेतले. ८ एप्रिल १९०१ रोजी तुरीन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभ्यासाचे हे दोन धागे एकत्र आले ते ७३ वर्षांनी. गोठलेल्या रक्तातील द्रवात पेशी जोमाने वाढतात, बिंबाणूविरहित द्रवात मात्र वाढ मंदावते, असे १९७४मध्ये अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांना आढळले. बिंबाणू रक्त थांबवून स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यातील सूक्ष्म कणिकांमधून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वृद्धिघटक प्रथिने बाहेर पडतात. ही प्रथिने दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतात, त्यांची संख्या वाढवतात आणि नव्या केशवाहिन्यांना चालना देतात. यातील एका घटकापासून बनवलेल्या मलमाला मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठी १९९७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

जखम भरण्याच्या क्रियेतील पहिले पाऊल बिझोझेरो यांनी डोळ्यांनी टिपले होते. पुढची पावले उमगली, तेव्हा ते पाहण्यास ते हयात नव्हते.