वादळाचे वर्णन आणि ताराबाईंचे अंगण

जूनच्या मध्यावर पाऊस आणि शाळा बरोबरीने सुरू होतात आणि निबंधाच्या वहीत वादळी पावसाचा विषय ठरल्याप्रमाणे येऊन बसतो. एके काळी खाडी आणि मिठागरांच्या सान्निध्यात असलेल्या, आता इमारतींनी वेढलेल्या भाईंदरच्या गोडदेवमधील मुलांना हा विषय परका नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले; तेव्हाचा वारा आठवणारी मुले आजही शाळेत आहेत. वहीत मात्र बहुधा विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट आणि काळाकुट्ट अंधार हीच पाठ केलेली शब्दरांग उतरते. अनुभव मुलाचा आणि शब्द गाईडचे, ही तफावत मिटावी कशी? या प्रश्नाचा विचार करताना याच पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेला, डहाणूपलीकडील बोर्डीकडे वळावे लागते. मुलाच्या अनुभवालाच शिक्षणाचा पाया मानणाऱ्या ताराबाई मोडक यांची ती कर्मभूमी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचे आणि घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीला होत्या. परंतु तो संसार टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. त्या काळी एका स्त्रीला लाभलेले हे मानाचे, स्थैर्याचे पद होते. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मादाम माँटेसरींच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयोग तेथे चालू होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, तर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

या पद्धतीत अक्षराआधी इंद्रियांचे शिक्षण येते. मूल डोळे मिटून खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक ओळखते, वास वेगळे करते, लहानमोठे आवाज पारखते. शांततेच्या खेळात सारा वर्ग निश्चल बसतो आणि एरवी ऐकू न येणारे आवाज टिपू लागतो. मग गप्पा, गोष्टी, गाणी यांतून या अनुभवाला शब्द मिळतात. लेखणी त्यानंतरची.

परंतु दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतील होती. माँटेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. गोरगरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी या कल्पनेचा उगम तो. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा आकाराला आली.

ताराबाईंचे बहुतेक काम अक्षरओळखीपूर्वीच्या वयासाठी होते. निबंधलेखनाचे शास्त्र त्यांनी रचले नाही. तरीही वर्णनाची तयारी कोठून सुरू होते, याचे उत्तर त्यांच्या कार्यात सापडते. गुरांमागे रानात हिंडणाऱ्या मुलाला आभाळाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. त्याच्यापाशी अनुभवाची वाण नसते. वाण असते ती त्याचे बोलणे ऐकून घेणाऱ्याची. त्याच्या बोलीला शाळेत हसू झाले, की ते गप्प होते आणि अनेकदा शाळेलाच पारखे होते. मूल जसे आहे तसे त्याच्या जागी जाऊन स्वीकारायचे, हा ताराबाईंचा आग्रह म्हणूनच भाषाशिक्षणाचाही पाया ठरतो.

गोडदेवच्या वर्गात हे सूत्र उतरवणे अवघड नाही. वही उघडण्यापूर्वी मुलांनी काही क्षण खिडकीशी शांत उभे राहावे. कोणता आवाज प्रथम आला, वारा कोणत्या बाजूचा, मातीचा वास की खाडीचा, अंगावरची झड कशी लागली, हे आपसांत बोलावे. बोललेले शब्द, घरच्या बोलीतले असले तरी, फळ्यावर डोळा, कान, नाक आणि त्वचा अशा रकान्यांत मांडावेत. मग वादळापूर्वी, वादळात आणि वादळानंतर असा क्रम लावावा. प्रत्येकाने त्यातून स्वतः अनुभवलेल्या मोजक्याच गोष्टी निवडाव्यात आणि त्यानंतर लिहावे. असा आराखडा हाती असला, की पत्रा वाजल्याचे, वीज गेल्याचे किंवा कामावरून परतणाऱ्या आईची वाट पाहिल्याचे वाक्य आपसूक येते. ते गाईडमध्ये सापडत नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, पावसाळ्याच्या दिवसांत, त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, त्यामागचा विचार प्रत्येक वर्गात पोहोचायचा आहे. यंदाच्या पावसाळ्यात एखाद्या वहीत पाठ केलेल्या गडगडाटाऐवजी मुलाने स्वतः ऐकलेला वारा उतरला, तर ताराबाईंचे अंगण तेथपर्यंत आले असे म्हणता येईल.